कापसाच्या खोलीसाठी फायर अलार्म घरीच बनवा, आपल्याकडचा उन्हाळा धरून

दोन वर्षांमागं मार्चमध्ये आमच्या आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, कापसाच्या खोलीतला स्विचबोर्ड आतल्या आत जळायला लागला होता. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासूनचा कापूस तसाच ठेवलेला, खोली पत्र्याची, अन बोर्डात एक वायर लूज. काकू सहज कशाला तरी दार उघडायला गेली अन तिला प्लास्टिक जळाल्याचा वास आला, तिनं आधी मेन पाडला अन मग हाक मारली, म्हणून निभावलं. अजून अर्धा तास कुणी तिकडं गेलं नसतं तर वर्षाचा माल गेला असता, आणि शेजारच्याच गोठ्यात बैल बांधलेले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. इलेक्ट्रॉनिक्सचं थोडंफार येत होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी अलार्म बनवायला घेतला.

पहिला बनवला तो सगळीकडं सापडतो तोच, एक ट्रान्झिस्टर, एक थर्मिस्टर, एक बझर, ९ व्होल्टची बॅटरी. टेबलावर लायटर धरला की वाजायचा, सगळे खुश. एप्रिल लागला अन दुपारी दोन वाजता तो आपोआपच वाजायला लागला, आग नाही काही नाही, पत्रा तापायला लागला एवढंच. चार दिवस असं झाल्यावर घरच्यांनी बॅटरी काढून ठेवली, आणि त्यांचं काही चुकलं नाही, रोज खोटा ओरडणारा अलार्म कोणीही बंदच करणार. म्हणून ह्या लेखात मी सर्किट तर सांगणारच आहे, पण जास्त जोर सेटिंगवर देणार आहे, कारण आपल्याकडं परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, तो पण सावलीतला, अन पत्र्याच्या खाली हातभर अंतरावर मी दुपारी मोजलं तर ५२ भरलं. मग ४५ डिग्रीला वाजणारा अलार्म इथं काय कामाचा?

ट्रान्झिस्टरवाल्या सोप्या सर्किटात अडचण काय आहे

हे समजून घ्या, दोनच मुद्दे आहेत. थर्मिस्टर म्हणजे उष्णतेनं रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बदलणारा छोटा मणी. आपण जो घेतो तो एनटीसी, म्हणजे गरम झाला की रेझिस्टन्स कमी होतो. सोप्या सर्किटात त्याच्या जोरावर बीसी५४७ ह्या ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे मधल्या पायाला, व्होल्टेज मिळतं अन ते ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास गेलं की ट्रान्झिस्टर चालू होतो. पण हा ०.६ चा आकडा पक्का नसतो, ट्रान्झिस्टर स्वतः तापला की दर डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्टनं खाली येतो, म्हणजे डबीच उन्हात तापली तर अलार्म लवकर वाजणार. दुसरं, बॅटरी उतरत चालली की बेसला मिळणारं व्होल्टेजही कमी होतं, मग तेवढ्यासाठी जास्त उष्णता लागते, म्हणजे जुन्या बॅटरीवर तोच अलार्म उशिरा वाजणार. हे दुसरं जास्त वाईट, कारण ते कळतच नाही.

म्हणून मी एलएम३५८ ही आयसी, म्हणजे आठ पायांची छोटी चिप, वापरायला सांगतो. दहा-पंधरा रुपयाला मिळते. हिचं काम तराजूसारखं आहे, दोन पारड्यांत दोन व्होल्टेज टाकायचे, एका पारड्यात थर्मिस्टरचं अन दुसऱ्यात आपण ठरवलेलं. थर्मिस्टरचं व्होल्टेज आपल्या ठरवलेल्यापेक्षा खाली गेलं की आयसी आउटपुट वर करते. दोन्ही व्होल्टेज एकाच बॅटरीतून येत असल्यामुळं बॅटरी उतरली तर दोन्ही सारखेच उतरतात, तराजू हलत नाही. हीच ह्या सर्किटची खरी कमाई.

काय काय आणायचं

जिल्ह्याच्या गावाला टीव्ही-मिक्सर रिपेअरवाले जिथून पार्ट घेतात तिथं हे सगळं मिळतं, ऑनलाईन पण मिळतं. एलएम३५८ एक, तिच्यासाठी ८ पायांचं सॉकेट एक, बीसी५४७ ट्रान्झिस्टर एक (दोन घ्या, दोन-तीन रुपयाला येतो), १० के चा (के म्हणजे हजार ओहम, रेझिस्टन्स ओहममध्ये मोजतात) एनटीसी थर्मिस्टर दोन, १० के चा प्रीसेट, म्हणजे स्क्रूनं कमीजास्त करायचा रेझिस्टर, एक, शक्यतो निळा चौकोनी मल्टिटर्न, ज्याचा स्क्रू वीस-पंचवीस वेळा फिरतो, कारण साध्या प्रीसेटवर बारीक सेटिंग हाताला येत नाही. रेझिस्टरमध्ये १० के चे दोन (अंगावरचे पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी), ४.७ के चा एक (पिवळा, जांभळा, लाल), १०० के चे दोन (तपकिरी, काळा, पिवळा), २२ के चा एक (लाल, लाल, नारिंगी), २.२ के चे दोन (लाल, लाल, लाल) आणि २७० ओहमचा एक. १०४ लिहिलेला छोटा कपॅसिटर, १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, लाल एलईडी, १ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट खोचायची भोकांची पाटी) अन जंपर वायरी.

थर्मिस्टर घेताना दुकानदाराला बीटा ३९५० चा मागा, बीटा म्हणजे उष्णतेनं रेझिस्टन्स किती झपाट्यानं बदलतो त्याचा आकडा. खाली मी जे आकडे दिलेत ते त्याचेच आहेत, दुसरा बीटा असला तर आकडे थोडे सरकतात.

बझर घेताना एक काळजी घ्या. दोन जातीचे मिळतात, एक बॅटरी लावली की आपोआप वाजणारा अन दुसरी नुसती पितळी चकती, तिला वाजवायला वेगळं सर्किट लागतं. आपल्याला पहिला पाहिजे, काळा गोल, लाल-काळी वायर असलेला, ३ ते २४ व्होल्ट लिहिलेला. दुकानातच बॅटरीला लावून आवाज ऐका अन मगच पैसे द्या.

मल्टिमीटर नसेल तर घ्या, दोन-तीनशेचा पिवळा चालतो. त्याच्याशिवाय हे काम म्हणजे अंधारात चाचपडणं, मी तर म्हणतो एखादा पार्ट कमी आणा पण मीटर आणा. मीटर सोडून बाकी सगळा खर्च दोनशे-तीनशेच्या आत बसतो.

आधी थर्मिस्टरशी ओळख करून घ्या

सर्किट जोडायची घाई करू नका. मीटर २० के ओहमवर लावा अन थर्मिस्टरच्या दोन पायांना धरा. ह्याला प्लस-मायनस नसतं, कसाही धरा. सकाळच्या गार वेळेत २५ डिग्री असेल तर १० के च्या आसपास दिसेल. आता मणी चिमटीत पकडा, अंगाच्या उबेनं आकडा खाली यायला लागेल. ३५ डिग्रीला साधारण ६.५ के, ४५ ला ४.३५ के, ६० ला २.५ के, ७० ला १.७५ के. हे चार आकडे वहीत लिहून ठेवा, सगळं सेटिंग ह्यांच्यावरच आहे.

पोरांना शिकवायलात तर हा भाग त्यांच्या हातानं करून घ्या. आमच्या पुतण्याला नुसतं मणी चिमटीत धरून आकडा पळताना बघूनच एवढा आनंद झाला की पुढचं सगळं त्यानंच जोडलं.

जोडणी

आयसीच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. खाच वर करून धरा, खाचेच्या डाव्या हाताला वरचा पाय म्हणजे १ नंबर, तिथून खाली २, ३, ४, मग उजवीकडं खालून वर ५, ६, ७, ८. हे उलटं झालं तर आयसी तापून जाते, म्हणून लावायच्या आधी दोनदा बघा. ब्रेडबोर्डच्या मधल्या खोबणीवर आयसी बसवा, अशी की चार पाय इकडं अन चार पाय तिकडं.

सुरुवातीला ब्रेडबोर्डवर ९ व्होल्टची बॅटरी चालेल, पण ती सगळ्यात शेवटी लावायची. बॅटरीची प्लसची वायर एका लाल रांगेत अन मायनसची निळ्या रांगेत जाईल असं समजून चालू.

पाय ८ प्लसला, पाय ४ मायनसला. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर प्लस-मायनसमध्ये, त्याच्या अंगावर पट्टी असलेली बाजू मायनसला.

आता पहिलं पारडं. १० के चा एक रेझिस्टर प्लसपासून पाय २ ला, आणि थर्मिस्टर पाय २ पासून मायनसला. थर्मिस्टरला लागूनच १०४ चा कपॅसिटर, तो पण पाय २ ते मायनस. हा कपॅसिटर कशाला, तर पुढं थर्मिस्टर लांब वायरीवर जाणार आहे अन लांब वायर आजूबाजूच्या मोटारीचा, लाईटीचा कचरा सिग्नल उचलते, तो इथं जिरतो.

दुसरं पारडं. प्रीसेटला तीन पाय असतात, कडेचे दोन प्लसला अन मायनसला, मधला पाय ३ ला. स्क्रू फिरवला की पाय ३ चं व्होल्टेज वरखाली होतं. १०० के चा एक रेझिस्टर पाय १ अन पाय ३ मध्ये जोडा. हा नसला तर नेमकं सेटिंगच्या काठावर तापमान असताना बझर चिरचिर करत तुटक वाजतो. हा असला की एकदा वाजायला लागलं की दोन-अडीच डिग्री थंड झाल्याशिवाय थांबत नाही, म्हणजे आवाज ठाम येतो.

आता आवाजाचा भाग. पाय १ पासून ४.७ के चा रेझिस्टर बीसी५४७ च्या बेसला, आणि बेसपासून मायनसला दुसरा १० के. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडं अन पाय खाली केले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. एमिटर मायनसला, कलेक्टरला बझरची काळी वायर, बझरची लाल वायर प्लसला.

आयसीचा दुसरा अर्धा भाग अजून मोकळा आहे. तो लोंबकळत ठेवायचा नाही, सध्या पाय ६ अन ७ एकमेकांना जोडा अन पाय ५ मायनसला. पुढं ह्याचा फार चांगला उपयोग करणार आहोत.

बॅटरी लावायच्या आधी मीटरनं प्लस अन मायनसमध्ये रेझिस्टन्स बघा. मीटर थोडा वेळ चढत जाईल, कपॅसिटर भरायलाय म्हणून, पण शून्याला चिकटून बसला तर कुठंतरी शॉर्ट आहे, बॅटरी लावू नका.

सेटिंग

बॅटरी लावा. पाय २ वर मीटरची लाल प्रोब अन मायनसवर काळी, डीसी २० व्होल्टवर. ९ व्होल्टवर २५ डिग्रीला ४.५ व्होल्ट, ४५ ला २.७, ६० ला १.८ असं येतं. बोटात मणी धरून आकडा खाली येतो का बघा. येत असेल तर अर्धं काम झालं.

आता ६० डिग्रीचं गणित बघा, फार सोपं आहे. ६० ला थर्मिस्टर २.५ के होतो, वर १० के आहे, म्हणजे एकूण १२.५ पैकी २.५, बरोबर पाचवा हिस्सा. म्हणून प्रीसेट फिरवून पाय ३ वर सप्लायचा पाचवा हिस्सा आणायचा. बॅटरी ९ दाखवत असेल तर १.८, १२ दाखवत असेल तर २.४. झालं सेटिंग.

६० च का? बाजारात मिळणारे हीट डिटेक्टर सुद्धा साधारण ५७ डिग्रीपासून सुरू होतात. आपल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी ५०-५२ होतं, त्याच्यावर आठ-दहा डिग्रीची जागा सोडली की खोटा ओरडा थांबतो. स्लॅबच्या किंवा जुन्या माळवदाच्या घरात एवढं तापत नाही, तिथं ५५ ला लावलं तरी चालतं, त्यासाठी पाय ३ वर सप्लायचे शंभर भाग केले तर २३ भाग ठेवा, म्हणजे ९ व्होल्टला २.०७. पण अंदाजानं ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दुपारी खोलीत वरच्या बाजूला थर्मामीटर टांगून मोजा अन मग ठरवा. घरातला तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ४२ च्या पुढं जात नाही, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला ११० पर्यंतचा पाहिजे.

खात्री करायच्या दोन पद्धती. पहिली, थर्मिस्टर काढून त्याच्या जागी २.२ के अन २७० ओहम एकापुढं एक जोडून लावा, दोन्ही मिळून २४७० ओहम म्हणजे ६० डिग्रीचा नकली थर्मिस्टर. बझर वाजला पाहिजे. नाही वाजला तर प्रीसेट केसभर फिरवा, वाजेपर्यंत.

दुसरी पद्धत खऱ्या उष्णतेची. एक ग्लास उकळतं पाणी अन एक ग्लास माठातलं पाणी एका भांड्यात एकत्र करा. उकळतं पाणी आपल्या उंचीवर ९८ च्या आसपास असतं, माठातलं २५ च्या आसपास, मिसळलं की ६१-६२ होतं अन भांडं थोडी उष्णता खातं, म्हणजे ६० च्या जवळपास येतं. थर्मिस्टरचे पाय पाण्याला लागू द्यायचे नाहीत, पाण्यातून करंट जातो अन आकडा चुकतो, म्हणून मणी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीतली हवा दाबून काढून मग बुडवा. जवळ थर्मामीटर असेल तर तो पण बुडवा. पाणी हळूहळू थंड होत जातं तसा बझर कुठं बंद होतो ते बघा, ५७-५८ ला बंद झाला म्हणजे सेटिंग बरोबर आहे. दोन-तीन डिग्री इकडं तिकडं झालं तर मनावर घेऊ नका, थर्मिस्टरमध्येच तेवढा फरक असतो.

लायटरनं टेस्ट करू नका. मणी जळतो नाहीतर तडकतो, अन किती डिग्रीला वाजला ते काहीच कळत नाही.

उंदरानं वायर तोडली तर

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते अन सोप्या सर्किटांत ती नसतेच. कापसाच्या, धान्याच्या खोलीत उंदीर असतातच, अन उंदराला वायर कुरतडायची सवय. आपल्या सर्किटात थर्मिस्टरची वायर तुटली तर पाय २ चं व्होल्टेज वर जाऊन बसतं, अन आयसीला वाटतं की खोली एकदम गार आहे. म्हणजे अलार्म मेला तरी गुपचूप राहणार अन आपण निवांत.

आयसीचा मोकळा अर्धा भाग इथं वापरायचा. पाय ५, ६, ७ ची आधीची जोडणी काढा. पाय ५ ला पाय २ ची वायर आणा. पाय ६ ला प्लसपासून २२ के अन मायनसला १०० के जोडा, तिथं सप्लायच्या शंभरात ८२ भाग एवढं व्होल्टेज बसतं. पाय ७ पासून २.२ के अन त्याच्यापुढं लाल एलईडी मायनसला, एलईडीचा लांब पाय रेझिस्टरकडं. आपल्याकडं जानेवारीत पारा १० ला गेला तरी थर्मिस्टरचं व्होल्टेज शंभरात ६७ भागांच्या पुढं जात नाही, म्हणून थंडीनं एलईडी लागत नाही, वायर तुटली तरच लागते. थर्मिस्टरचा एक पाय ओढून बघा, लाल दिवा लागला पाहिजे.

सोल्डर अन डबी

ब्रेडबोर्डवर एक आठवडा चालवा, मग जनरल पीसीबीवर, म्हणजे पार्ट कायमचे बसवायच्या भोकांच्या पट्टीवर, सोल्डर करा. २५ वॅटची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, पुरते. आयसी डायरेक्ट सोल्डर करू नका, सॉकेट सोल्डर करा अन आयसी शेवटी त्यात बसवा. जॉइंट चमकदार अन डोंगरासारखा उतरता दिसला पाहिजे, गोळा होऊन नुसता वर बसला असेल तर आतून पकडलेला नाही, पुन्हा गरम करा. थर्मिस्टरचे पाय नाजूक असतात, त्याला दोन तारांची मल्टिस्ट्रँड वायर लावून दोन्ही जोडांवर वेगवेगळी स्लीव्ह चढवा, पण मणी उघडा ठेवा, मण्यावर टेप गुंडाळली तर उष्णता उशिरा पोचते.

डबी खोलीच्या बाहेर लावायची, आत फक्त थर्मिस्टर. तीन कारणं आहेत, लाल दिवा येता-जाता दिसतो, आवाज बंद दारामागं कोंडत नाही, अन आगीत सगळ्यात आधी अलार्मच जळून जात नाही. वायर भिंतीतून फिटिंगच्या पीव्हीसी पाईपमधून न्या, उंदरासाठी.

थर्मिस्टर कुठं? गरम हवा वर जाते म्हणून वरच, खोलीच्या मधोमध नाहीतर बोर्डाच्या बाजूला वर. पण पत्र्याला टेकवायचा नाही, टेकवला तर तो हवेचं नाही, पत्र्याचं तापमान मोजतो. पत्र्यापासून वीतभर खाली टांगा. भिंत अन छताच्या अगदी कोपऱ्यात पण नको, तिथं गरम हवा नीट फिरत नाही. चुलीच्या, गॅसच्या डोक्यावर तर अजिबात नको. एक थर्मिस्टर छोट्या खोलीपुरता, मोठ्या गोडाऊनला एकानं भागत नाही. अन उघड्यावरच्या कडब्याच्या गंजीला किंवा सोयाबीनच्या गुळीच्या ढिगाला हे लावण्यात अर्थ नाही, मोकळ्या हवेत उष्णता थर्मिस्टरपर्यंत येतच नाही.

करंट कुठून द्यायचा

सर्किट शांत असताना दोन-तीन मिलिअँपिअर खातं. ऐकायला कमी वाटतं पण ९ व्होल्टची छोटी बॅटरी त्यावर आठवडा-दहा दिवसच टिकते, म्हणून ती फक्त टेस्टिंगपुरती. नुसत्या अडॅप्टरवर पण भरवसा ठेवू नका, आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, अन आग शॉर्टसर्किटनं लागली तर लाईट आधी जाते.

मी काय केलं, फवारणीच्या बॅटरी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी वापरली. ती आता बहुतेक घरी असतेच. ३ मिलिअँपिअरवर कागदावर ती तीन महिन्यांच्या वर जाते, मी तरी दर महिन्याला काढून चार्ज करतो. सर्किटात काहीच बदलायचं नाही, एलएम३५८ ला ३ ते ३२ व्होल्ट चालतात अन पाचव्या हिश्श्याचं सेटिंग जागेवरच राहतं, हाच तर तराजूचा फायदा. फक्त एक गोष्ट डोळ्यात तेल घालून करा, बॅटरीच्या प्लसला अगदी टोकाजवळ १ अँपिअरचा फ्यूज लावा. ही बॅटरी छोट्या बॅटरीसारखी गरीब नाही, शॉर्ट झाली तर वायर लाल होते अन कापसाच्या शेजारी आपल्याच अलार्मनं आग लागेल.

२३० व्होल्टच्या लाईनला ह्यातलं काहीही जोडायचं नाही. तारेवर टाकलेले आकडे, बोर्ड, मोटार, कशालाच नाही.

आखाडा अन घर लांब असेल तर छोटा बझर ऐकू येत नाही, मग १२ व्होल्टचा सायरन लावा. तो १०० मिलिअँपिअरच्या वर खात असेल तर बीसी५४७ जळेल, त्याच्या जागी टीआयपी१२२ हा जास्त करंट झेपणारा ट्रान्झिस्टर लावा. छापील बाजू समोर धरली तर त्याचा क्रम बेस, कलेक्टर, एमिटर असा आहे, बीसी५४७ पेक्षा वेगळा, तेवढं बघून लावा.

ह्याच्याकडून काय होत नाही

हा उष्णतेचा अलार्म आहे, धुराचा नाही. कापूस आतल्या आत धुमसतो, तासन् तास धूर निघतो अन वरची हवा तापायला वेळ लागतो, तोवर हा गप्प राहतो. बोर्डाजवळ भडका झाला, पत्र्याखाली गरम हवा साठली, तर मात्र हा लवकर सांगतो. म्हणून माणसं झोपतात त्या खोलीत ह्याच्या भरवशावर राहू नका, तिथं बाजारातला स्मोक डिटेक्टर विकत आणून लावा. एमक्यू-२ नावाचा धुराचा सेन्सर पोरं वापरतात, तो शिकायला चांगला आहे पण त्याच्या आतला हीटर दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास खातो, बॅटरी दोन-तीन दिवसांत खलास, अन चुलीच्या, उदबत्तीच्या धुरालाही वाजतो.

अन अलार्म वाजल्यावर काय करायचं ते घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, काकूला, आजीला, सालगड्याला, शाळेतल्या पोराला. आधी मेन पाडायचा, मग जनावरं सोडायची, मग १०१ नाहीतर ११२ ला फोन. मेन पाडल्याशिवाय बोर्डावर पाणी टाकायचं नाही, करंट लागतो. दार एकदम सताड उघडायचं नाही, हवा मिळाली की धुमसणारा कापूस पेट घेतो.

मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टेस्ट घेतो. पाणी उकळून स्टीलच्या ग्लासात भरतो अन शिडीवर चढून ग्लासाची बाहेरची बाजू मण्याला लावून धरतो, थोड्या वेळात बझर वाजला पाहिजे. मग बॅटरीचं व्होल्टेज अन पाय ३ चं व्होल्टेज मोजून डबीच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावर तारखेसकट लिहितो. बॅटरी १२ च्या खाली दिसली की चार्जिंगला, अन पाय ३ पाचव्या हिश्श्यापासून सरकला असेल तर प्रीसेटचा स्क्रू परत जागेवर आणून वर नेलपॉलिशचा थेंब लावतो म्हणजे धक्क्यानं फिरत नाही. बॅटरीवर पण एक चिठ्ठी चिकटवली आहे, "फवारणीला नेली तर संध्याकाळी परत लावा", कारण मागच्या जुलैत ती पंपासोबत गेली अन चार दिवस खोली अलार्मविना होती.